दोन बोटं जास्त

भोंगा हे नाव काही शाळेच्या दाखल्यावर नव्हतं. पण घरात, जिन्यात आणि बाबांच्या दुकानात कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तिनेच मागे वळून पाहिलं असतं, की ही दुसरी कोण आली बाई! आवाजच तसा होता. ती स्वयंपाकघरात कुजबुजली तरी खालच्या मजल्यावरचे लोक खिडकी लावून घ्यायचे.

वर्षभरापूर्वीपर्यंत मात्र हा भोंगा फक्त घरात वाजायचा. उंबरठा ओलांडला की बॅटरी खलास. नवा देश, नवी भाषा, नवी शाळा. बाईंनी वर्गात काही विचारलं की ती उत्तर बाकाच्या लाकडाला सांगायची. मग एकदा विजेचं बिल दुप्पट आलं. आईने तिच्या हातात फोन कोंबला आणि म्हणाली, "घरात आमच्याशी भांडतेस तशीच त्यांच्याशी भांड. फक्त त्यांच्या भाषेत." भोंगा भांडली. आधी चाचरत, मग अडखळत, मग एकदम सुसाट. बिल निम्मं झालं. फोन ठेवल्यावर तिच्या तोंडावरचं हसू काही केल्या मिटत नव्हतं.

त्या दिवसापासून घराचं परराष्ट्रखातं तिच्याकडे आलं. पगार शून्य, रुबाब भरपूर.

बाबा शिंपी. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, रुंदीला इतकं कमी की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने कपडे बदलायच्या पडद्याआड जाऊन उभं राहायचं. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, कोपऱ्यात आईची इस्त्री. बाबांच्या हाताला गुण होता, पण एक खोडही होती. प्रत्येक शिवणीत ते आत दोन बोटं कापड जास्त सोडायचे. इतर शिंपी सोडतात त्याहून जास्त. कुणी टोकलं की म्हणायचे, "माणूस वाढतो, कापड वाढत नाही." बरं, हे कापडापुरतं राहिलं असतं तर ठीक. न्हाव्याला पैसे जास्त, भाजीवालीला जास्त, टॅक्सीवाल्याने आकडा सांगायच्या आत त्याच्या हातात नोट आणि "राहू दे, राहू दे!" आई म्हणायची, "हा माणूस एक दिवस उसनं परत करतानासुद्धा बक्षिसी देईल."

आता ताई. ताईच्या लग्नाला वर्ष उलटलं होतं आणि तिचा नवरा अजून फोनमध्येच राहत होता. भावोजी चष्मे बनवायचे, समुद्रापलीकडे, स्वतःच्या गावात. रोज संध्याकाळी आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि भावोजी सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे. आई त्यांना वाढायची तेवढी राहिली होती.

त्यांना इकडे आणायचं तर ताईने सरकारकडे अर्ज करायचा, की हा माझा नवरा, याला माझ्याकडे येऊ द्या. आणि एवढं म्हणायचेसुद्धा सरकार पैसे घेत होतं. त्यात जाहीर झालं, की येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून ही फी जवळजवळ दुप्पट होणार.

ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांना "आ करा, आ करा" सांगून तिचं स्वतःचं तोंड घट्ट मिटलेलं असायचं, पैशांच्या बाबतीत तर फारच. बाबांनी मदतीचा विषय काढला की ते उघडायचं तेवढ्यापुरतं. "माझा नवरा, माझा अर्ज, माझे पैसे." विषय संपला. तिने पगारातून जे बाजूला काढलं होतं ते जुन्या दराला पुरत होतं. नव्या दराला पोचायचं तर पुन्हा अख्खा हिवाळा बस सोडून पायी कामावर जायचं, आणि तोवर भावोजी रांगेतसुद्धा नाहीत. म्हणजे साखरेच्या डब्याचा मुक्काम वाढला.

म्हणून एका दुपारी दुकानातल्या कापायच्या टेबलावर सरकारी फीचा तक्ता पसरला गेला, आणि परराष्ट्रखात्याला पाचारण झालं.

"दरपत्रकच आहे की," बाबा तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले. "आपल्या भिंतीवर लावलंय तसं. चेन बदलणे एवढे, उंची कमी करणे एवढे."

"तेवढं सोपं असतं तर मला कशाला बोलावलं असतंत?" भोंगा म्हणाली. तिने टेबलावरचा खडू उचलून कानावर अडकवला. बाबा तसाच अडकवायचे. "बघा. चांदण्या दिसतायत? प्रत्येक आकड्याला एक चांदणी, आणि प्रत्येक चांदणीची खाली एक तळटीप. आणि तळटिपेलाही चांदणी."

"अगं बाई," ताई म्हणाली.

"घाबरायचं नाही. मी आहे." हे वाक्य तिला अलीकडे फार आवडायला लागलं होतं. "ही अर्जाची फी."

"म्हणजे शिलाई," बाबा म्हणाले.

"शिलाई नाही. गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं, माझ्याकडे कापड आहे, जरा बघा. त्या बघण्याचे पैसे."

बाबांच्या तोंडातून एक टाचणी पडली. "नुसतं बघण्याचे?"

"आणि बघून नाही म्हणाले, तरी परत मिळत नाहीत."

"मग हा धंदा आपण का नाही काढला?" इस्त्रीच्या वाफेतून आईचा आवाज आला. "उगीच शिवत बसलो इतकी वर्षं."

भोंग्याने खडूने एक ओळ खोडली. "बोटांच्या ठशांचे पैसे आधी वेगळे घ्यायचे. आता ते यातच धरलेत, म्हणून ते मोजायचे नाहीत. ही खालची ओळ व्हिसाची. ती अर्ज मंजूर झाल्यावर, दुसऱ्याच कचेरीत भरायची. आत्ता भरली तर कुणी आभारसुद्धा मानणार नाही. आणि ही डॉक्टरांची तपासणी. हे तर सरकारचे पैसेच नाहीत, डॉक्टरचे आहेत. डॉक्टर सांगेल तेवढे, तोही तिकडचा, भावोजींच्या गावचा."

एकेक ओळ जात गेली. टेबलावर पांढरी भुकटी साचली. शेवटी एकच आकडा उरला.

"सहाशे त्र्याऐंशी," भोंगा म्हणाली.

"बस्स?" ताईचा चेहरा उजळला. तिने इतके दिवस त्या सगळ्या ओळींची बेरीज डोक्यावर घेऊन झोप घालवली होती.

"त्र्याऐंशी?" बाबांना भलतंच काहीतरी टोचलं होतं. "हा काय आकडा झाला? एवढं मोठं सरकार आणि सुट्टे मागतंय?"

कुणी लक्ष दिलं नाही. ताईने भोंग्याचा गालगुच्चा घेतला आणि टेबलावरच्या फोनमधून भावोजी म्हणाले, "मेहुणीबाई, तुमच्यासाठी मी फुकट चष्मा बनवीन."

"मला चष्मा नाही!"

"इतकी बारीक तळटीप वाचता म्हणजे लागेलच लवकर."

ताईची कामाची वेळ आणि बँकेची वेळ एकच. बँक दुकानाला लागून. तेव्हा ताईने मोजून पैसे बाबांच्या हातात दिले, ड्राफ्ट त्यांनी काढायचा, कागदांबरोबर लिफाफ्यात घालायचा आणि पोस्टात द्यायचा असं ठरलं. भोंग्याची त्या आठवड्यात परीक्षा होती. बाबांनी काम चोख केलं. इतकं चोख, की लिफाफा टपालात फाटू नये म्हणून त्याच्या तोंडावर त्यांनी मशीनची दुहेरी टीप मारली. आई म्हणाली, "सरकारला उसवायला शिंपी बोलवावा लागेल." बाबा खूश झाले, त्यांना ती तारीफ वाटली.

आणि मग सगळे वाट बघत राहिले. पोचपावती येईल. अर्जाचा नंबर येईल. ताई रोज जिन्याखालच्या टपालपेटीत हात घालायची, बाही कोपरापर्यंत वर करून, जणू तळाशी मासोळी आहे.

शुक्रवारी आलं ते टपाल पेटीत मावणारं नव्हतं. त्यांचाच लिफाफा आला होता. बाबांची टीप कुणीतरी कात्रीने नीट कापलेली, आत सगळे कागद जसेच्या तसे, लग्नाच्या फोटोंसकट. वर एक निळी चिठ्ठी.

भोंगा शाळेतून थेट दुकानात आली तेव्हा ताई टेबलापाशी उभी होती. दवाखान्याचा पांढरा कोट अजून अंगात.

"ती टीप," आई म्हणत होती. "मी म्हटलं होतं. लिफाफे शिवतं का कुणी?"

"टिपेचं नाही," ताई म्हणाली. तिने चिठ्ठी भोंग्यापुढे धरली. तिचा आवाज फार शांत होता आणि तेच वाईट होतं. "वाच. मला कळलंय, पण तू वाच."

भोंग्याने वाचलं. शुल्काची रक्कम चुकीची. अर्ज स्वीकारलेला नाही.

घरच्यांसमोर पहिल्यांदाच तिचा आवाज कुजबुजण्याइतका खाली आला. "पण मी तर..."

"सोमवारपासून नवा दर," ताई म्हणाली. "आज शुक्रवार. पोस्टाने आता पोचत नाही." तिने कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली आणि मध्येच विसरली. "जाऊ दे. तू लहान आहेस. मीच एखाद्या जाणत्या माणसाकडे जायला हवं होतं."

त्यापेक्षा तिने कानाखाली मारली असती तर बरं. भोंग्याला वाटलं, वर्षभर चढत आलेला आपला सगळा जिना कुणीतरी एकदम खालून काढून घेतला. लागली होतीस मोठी खडू कानावर लावायला! मी आहे म्हणे! बाकाच्या लाकडाशी बोलणारी तू, लाकडाशीच बोलायचं होतंस.

ताई पडद्याआड कोट बदलायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या चपला पडद्याखालून दिसत होत्या, हलत नव्हत्या.

भोंग्याने फीचा तक्ता पुन्हा पसरला. या वेळी खडू कानावर नव्हता. तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एकेका शब्दावर बोट ठेवून, दुसरीतल्या मुलासारखं. बोटांचे ठसे: धरलेले. व्हिसा: नंतर. डॉक्टर: वेगळे. सगळं तेच येत होतं. पुन्हा वाचलं. पुन्हा सहाशे त्र्याऐंशी. तिसऱ्यांदा तिला एक गोष्ट दिसली. तक्त्यात आकड्यांचे दोन रकाने होते. ती वाचत होती तो कागदी अर्जाचा होता. शेजारचा रकाना ऑनलाइन अर्जाचा, आणि तिथला आकडा लहान होता. पण त्याने कागदी अर्जाची फी चुकीची कशी ठरेल?

सहाशे त्र्याऐंशीच बरोबर. मग चूक कुठे?

तिने लग्नाच्या फोटोखालून ड्राफ्ट ओढून काढला.

ड्राफ्टवर छान, गोल, गुटगुटीत आकडा होता. सातशे.

भोंग्याने मान वर केली. बाबा मशिनावर बसले होते. मशीन चालू होतं, पण सुईखाली कापडच नव्हतं.

"बाबा."

मशीन थांबलं.

"बाबा, हे सातशे कुणी केले?"

"ते होय," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "वरचे मी घातले. ताईला कळलं असतं तर तिने घेतले नसते. म्हटलं सरकारी काम आहे, कमी पडायला नको."

"पण कमी नव्हतेच पडत!"

"त्र्याऐंशी बरं दिसत नव्हतं गं," बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

पडद्याखालच्या चपला हलल्या. पडदा सरकला. इस्त्री थांबली. आईने कपाळावर हात मारला आणि भोंग्याच्या तोंडून जे निघालं ते रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालासुद्धा ऐकू गेलं. "बाबा! सरकारला बक्षिसी?!"

ताईच्या खांद्यांत काहीतरी हललं. भोंग्याला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, आणि रडतही होती, दोन्हीची शिवण एकाच दोऱ्यात.

"हसू नकोस," बाबा म्हणाले. "आपण आलो ना इथे, पहिल्या वर्षी, एका खिडकीवर मला तीन नाणी कमी पडली होती. तीनच. मागच्या रांगेने माझ्याकडे जे बघितलं... खिडकीतल्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. तेव्हापासून मी ठरवलं, या देशात आपल्या घरातलं कुणी कुठे कमी पडणार नाही."

मग भोंग्याला एक तळटीप आठवली. तक्त्याच्या तळाशी, शेवटच्या चांदणीची. रक्कम अचूक असावी, कमी वा अधिक असल्यास अर्ज परत केला जाईल. ती तिने त्या दुपारी वाचली होती. मनातल्या मनात. एवढं काय सांगायचं, म्हणून सोडून दिली होती. उभ्या जन्मात भोंग्याने एकच गोष्ट मोठ्याने म्हटली नाही आणि नेमकी तीच!

"चूक दोघांची," ती म्हणाली. "तुम्ही घातले, मी सांगितलं नाही. हिशेब बरोबरीत. आता पुढचं बोला. ऑनलाइन आजही भरता येतं, आणि तिथे फी सहाशे एकेचाळीस आहे. कमी आहे!"

"कमी?" बाबा अस्वस्थ झाले.

"बाबा!"

"नाही नाही, तू बोल."

ताईचं हसू मात्र तोवर ओसरलं होतं. "भरणार कशातून? माझे पैसे त्या ड्राफ्टमध्ये अडकलेत. मघाशी बँकेत नुसतं तोंडी विचारून आले. रद्द करून पैसे हातात यायला पुढचा आठवडा उजाडेल."

"मी भरतो!" बाबा गल्ल्याकडे निघाले. "दुकानाचं कार्ड आहे."

"नको."

"अगं, चूक माझी..."

"बाबा, नको म्हटलं ना." ताईची हनुवटी वर गेली. घरात ती हनुवटी सगळे ओळखून होते. वर गेली की खाली आणायला क्रेन लागायची. "मला उसने नकोत. उद्या तो आला की त्याला मला सांगायचंय, मी आणलं तुला. मी. बाबांनी नाही. हिवाळाभर चालेन परत. सवय आहे."

आई म्हणाली, "हट्टी कुठली!" बाबा म्हणाले, "कुणावर गेलीय!" आणि दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, की आता तिसरंच भांडण उभं राहणार.

परराष्ट्रखात्याने टेबलावर पट्टी आपटली.

"शांतता! ताई, हा ड्राफ्ट किती किमतीचा आहे?"

"सातशे. म्हणजे माझे सहाशे त्र्याऐंशी."

"आणि वरचे बाबांचे. बरोबर? पुढच्या आठवड्यात बँक याचे पैसे देणार. म्हणजे हा काही मेलेला कागद नाही, जरा उशिरा पिकणारा आहे. मग तू बाबांना तो विकून टाक."

"काय?"

"ड्राफ्ट बाबांना दे. बाबा त्यांच्या कार्डाने तुझी फी भरतील. पुढच्या आठवड्यात बँकेतून पैसे बाबा घेतील. उसने कुठे आले यात? तू माल दिलास, त्यांनी पैसे दिले. उलट तुझेच काही बाबांकडे निघतात. सहाशे त्र्याऐंशी वजा सहाशे एकेचाळीस, बेचाळीस. बाबा तुझं देणं लागतात!"

ताईची हनुवटी किंचित, अगदी सुईच्या टोकाएवढी, खाली आली.

"वकील होणार ही," आई म्हणाली.

"पण दुसऱ्याचं कार्ड चालतं का?" ताईने विचारलं. "पुन्हा परत आलं तर?"

बरोबर होतं. या वेळी भोंगा अंदाजाने काही करणार नव्हती. तिने कचेरीच्या मदतीचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बासरी तेच ते पाच-सहा सूर वाजवत बसली. वाजवतच बसली. आईच्या इस्त्रीखालून तीन शर्ट गेले. बाबांनी त्या सुरावर पाय हलवायला सुरुवात केली. शेवटी बासरी मध्येच तुटली आणि एक पुरुषी आवाज आला, इतका थकलेला, जणू ती बासरी तोच वाजवत होता.

भोंग्याने टेबलाची कड धरली आणि विचारलं. अर्ज माझ्या बहिणीचा. कार्ड वडिलांचं. चालेल?

"चालेल," तो म्हणाला. "अर्जावर सही बहिणीची हवी. कार्ड कुणाचंही असो. रक्कम अचूक हवी."

"आज भरलं तर जुना दर?"

"अर्ज आमच्याकडे पोचतो त्या दिवसाचा दर. ऑनलाइन आज केलात तर आज पोचतो."

बाबा जवळ येऊन कुजबुजले, "विचार, जास्त दिले तर का परत करता?"

"बाबा, नको."

"विचार तर."

तिने विचारलं. मग तो माणूस म्हणाला, आणि त्याचा थकवा जरासा सैल झाला, "कमी दिलेत तर मागायला आमच्याकडे माणूस नाही. जास्त दिलेत तर ठेवायला पेटी नाही. म्हणून दोन्ही परत. वडिलांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. बरेच लोक करतात."

भोंग्याने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. बाबांनी ते ऐकून हळूहळू मान हलवली. "बरेच लोक करतात," ते स्वतःशीच म्हणाले. आणि त्यांना एकदम बरं वाटलेलं दिसलं.

मग दुकानाचं दार आतून लावलं गेलं. कापायच्या टेबलावर एकेक कागद ठेवून, मशीनवरचा दिवा वर धरून, भोंग्याने फोनने फोटो काढले. आई कागदाचे कोपरे कात्र्यांनी दाबून धरत होती. फोटोत एका कागदावर कात्रीची मूठ आली, तो पुन्हा काढला. ताई भोंग्याच्या शाळेच्या लॅपटॉपवर एकेक रकाना भरत होती. भावोजी दोऱ्याच्या रिळांना टेकवलेल्या फोनमधून स्वतःची जन्मतारीख तिसऱ्यांदा सांगत होते.

"आत्ता तर सांगितली!"

"तेव्हा हिचा आवाज मध्ये आला," ताई म्हणाली.

"कुणाचा?" भोंगा म्हणाली.

"बघा, परत आला," भावोजी म्हणाले.

शेवटी पैसे भरायचं पान उघडलं. बाबांनी कार्ड काढलं, चष्मा चढवला आणि लॅपटॉपपाशी वाकले. चौकटीत आकडा आधीच येऊन बसला होता. सहाशे एकेचाळीस. करडा, घट्ट, न हलणारा.

बाबांनी हळूच एक बोट पुढे केलं आणि चौकटीवर दाबून पाहिलं. काही झालं नाही. अजून एकदा दाबलं.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. बघत होतो." त्यांनी बोट मागे घेतलं. "यात दोन बोटं जागाच ठेवली नाही की गं."

"नाहीच ठेवली."

"बरं केलं," बाबा म्हणाले. जरा नाराजीनेच, पण म्हणाले.

बटण ताईने दाबलं. गोल चक्र फिरलं. फिरलं. आई देवाचं नाव घेत होती की वीजकंपनीला शिव्या देत होती, ते कळत नव्हतं. मग पान पांढरं झालं, आणि त्यावर एक लांबलचक नंबर उमटला, आणि त्याखाली एक ओळ.

"वाच," ताई म्हणाली. तिला स्वतःला वाचवत नव्हतं. "तूच वाच."

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला.

"तुमचा अर्ज मिळाला आहे!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. समोरच्या न्हाव्याने वस्तरा हवेत धरून दुकानाकडे बघितलं. फोनमध्ये भावोजींनी दोन्ही हातांनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला घेतले. पुसताना डोळ्यांना काचा पुसायचं फडकं लावलं, ते लक्षात आल्यावर स्वतःच हसले.

"मी आणतेय तुला," ताई त्यांना म्हणाली.

"माहीत आहे," भावोजी म्हणाले. "नंबर आलाय आता तसा."

ड्राफ्ट बाबांच्या गल्ल्यात गेला. बाबांनी गल्ल्यातून नोटा काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि ताईपुढे धरल्या. बेचाळीस. वर एक नाणं नाही. तेवढं करणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं, पण त्यांनी केलं.

ताईने नोटा घेतल्या, घडी केली आणि परत टेबलावर ठेवल्या. "त्याच्यासाठी एक कोट शिवा. तिकडे एवढी थंडी नसते, त्याच्याकडे नाहीये."

"जावयाला शिवायचे पैसे घेऊ मी?"

"घ्यायचे. दरपत्रक आहे भिंतीवर. माझा नवरा, माझे पैसे, तुमची शिलाई."

बाबांनी फोनकडे बघितलं. "जावईबापू, माप द्या."

भावोजींनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. चष्म्यांच्या धंद्यातले ते, मिलिमीटरशिवाय बोलत नसत. छाती, बाही, खांदा, पाठ, सगळं त्यांनी सासऱ्यांना डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं. भोंगा लिहून घेत गेली. मग बाबांनी कानावरचा खडू काढला, निळं लोकरी कापड पसरलं आणि रेघ मारली. भोंगा वाकून बघत होती. कागदावरचं माप आणि कापडावरची रेघ यांच्यात चांगलं अंतर होतं. दोन बोटं कसली, चार होती.

"बाबा," भावोजी पलीकडून म्हणाले, "रेघ जरा बाहेर वाटतेय. मी अचूक माप दिलंय हं."

"अचूक कचेरीत," बाबा कात्री उचलत म्हणाले. "हे दुकान माझं आहे. तुम्ही तिकडे एकटे जेवता. इकडे आलात की वाढाल."